वारुळाची माती, मुंगळ्यांचे टाके : आफ्रिकी वैद्यकातील कीटक

कीटक म्हटले की शहरातल्या माणसाला आठवते ती फवारणी. घराला लागलेली वाळवी, स्वयंपाकघरातील मुंग्या, पावसाळ्यातील डास यांच्याशी त्याचे नाते शत्रुत्वाचेच असते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे नाते इतके एकेरी नाही. पहिल्या पावसानंतर वारुळातून उडणारी पंखवाली वाळवी तेथे भाजून खाल्ली जाते, टोळधाड उतरली की शिव्याशापांबरोबर पोतीही बाहेर निघतात, आणि जो किडा ताटात येतो तोच, किंवा त्याने बांधलेले घर, औषधाच्या बटव्यातही जाते. नेदरलँड्समधील वॉखेनिंगन विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ आर्नोल्ड फान हाउस यांनी २७ देशांतील सुमारे १२० जनसमूहांतील तीनशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेऊन या नात्याची नोंद केली आहे. वाळवी, टोळ, मुंग्या, मधमाश्या, भुंगेरे, कुंभारीण माशी यांपैकी जवळपास प्रत्येकाचा कुठे ना कुठे उपचारासाठी वापर होतो, असे या नोंदींतून दिसते.

'आफ्रिकी वैद्यक' असे एकवचनी नाव आपण सोयीसाठी घेतो. वस्तुतः या खंडात पन्नासहून अधिक देश, शेकडो भाषा आणि तितक्याच उपचारपरंपरा आहेत. स्वाहिली भाषेत वैद्याला 'म्गांगा' म्हणतात. झुलू लोकांत जडीबुटी देणारा 'इन्यांगा' आणि पूर्वजांच्या आत्म्यांशी संवाद साधून निदान करणारा 'सांगोमा' असा भेद सांगितला जातो, तर योरुबा समाजात 'बाबालावो' इफा पद्धतीने कौल लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या पारंपरिक वैद्यकविषयक धोरणात आफ्रिकेतील ८० टक्क्यांपर्यंत लोक अशा उपचारांचा आधार घेतात, असे म्हटले होते. हा आकडा पुढे इतक्या वेळा उद्धृत झाला, की तो अंदाज होता याचा अनेकांना विसर पडला. आकडा कितीही असो, ज्या गावापासून दवाखाना दिवसभराच्या वाटेवर आहे तेथे पहिला वैद्य हा गावातलाच असतो, यात शंका नाही.

या वैद्याच्या कीटकौषधांकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक, सारे भंपक म्हणून हसण्याची आणि दुसरी, सारे प्राचीन ज्ञान म्हणून हात जोडण्याची. दोन्हींत तपासणीचे कष्ट वाचतात. प्रत्यक्षात या औषधांपैकी काही निःसंशय उपयोगी आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि काही जिवावर बेतणारी आहेत. कोणते कशात मोडते, हे एकेक घेऊनच ठरवावे लागते.

सुरुवात सर्वांत सरळ उदाहरणापासून करू. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत 'सियाफू' नावाचे मुंगळे आढळतात. शास्त्रीय नाव डोरायलस. लाखोंच्या फौजेने ते निघाले की माणसे गुरे सोडून आणि तान्ही मुले उचलून घराबाहेर पडतात. या फौजेतील शिपाई मुंगळ्यांचे डोके मोठे असते आणि जबडे धारदार विळ्यांसारखे वाकलेले असतात. रानात खोल जखम झाली की तिच्या कडा चिमटीने जुळवून धरायच्या आणि मुंगळ्याला त्यावर टेकवायचे. तो दोन्ही कडांत जबडे रुतवतो. मग धड पिरगाळून तोडायचे. डोके मागे राहते आणि जबड्यांची पकड मेल्यानंतरही सुटत नाही. असे ओळीने लावलेले मुंगळे टाक्यांचे काम करतात.

आपल्याकडील वाचकांना ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेत छिद्रोदराच्या शस्त्रक्रियेत फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंगळ्यांच्या डोक्यांनी जोडण्याची कृती दिलेली आहे. स्पेनमधील कॉर्दोबाचा थोर अरब शल्यविशारद अल-झहरावी यानेही तिचा उल्लेख केला. एकाने दुसऱ्याकडून घेतली की सर्वांना स्वतंत्रपणे सुचली, हा वाद विद्वानांनी घालावा. मुंगळा ज्याला एकदा कडकडून चावला आहे अशा कोणालाही ती सुचू शकते, असे मला वाटते. येथे गूढ काही नाही. आजच्या शस्त्रक्रियागृहातील धातूच्या पिना नेमके हेच करतात. मर्यादाही तितकीच उघड आहे. टाके जखम मिटवतात, ती निर्जंतुक करत नाहीत. घाण आत राहून वरून मिटलेली जखम उघड्या जखमेपेक्षा वाईट.

वारुळाच्या मातीचे प्रकरण एवढे सरळ नाही, आणि त्यात गुंतलेल्या माणसांची संख्या कितीतरी मोठी आहे. आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात गर्भवती स्त्रिया माती खातात. सगळी माती वारुळाची नसते. कुठे नदीकाठची चिकणमाती, कुठे घराच्या भिंतीचा पोपडा, तर कुठे खाणीतून काढून, भाजून, गोळे करून बाजारात विकली जाणारी पांढरी माती खाल्ली जाते. पण वाळवीच्या वारुळाच्या मातीला अनेक ठिकाणी विशेष मान आहे. भूगोलतज्ज्ञ जॉन हंटर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या सिएरा लिओनमधील अभ्यासात वारुळाच्या मातीबरोबरच कुंभारीण माशीने भिंतीवर लिंपलेल्या घरट्यांची मातीही गर्भवती स्त्रिया खात असल्याचे नोंदले आहे. केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी भागात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवती नियमित माती खात होत्या आणि रोजचे प्रमाण सुमारे ४० ग्रॅम होते. म्हणजे जवळजवळ मूठभर. पश्चिम केनियातील शाळकरी मुलेही वारुळाची माती आवडीने खातात.

हे वेड म्हणून सोडून देता येत नाही, कारण या मातीत काहीतरी आहे. मॅक्रोटर्मिस जातीची वाळवी जमिनीच्या खोल थरांतून बारीक चिकणमातीचे कण उचलून वर आणते आणि लाळेने सांधून माणसाच्या उंचीहून उंच वारूळ उभारते. भोवतालच्या रेताड जमिनीपेक्षा वारुळाची माती त्यामुळे अधिक चिकण असते आणि बहुधा कॅल्शियमसारख्या खनिजांनीही अधिक समृद्ध असते. म्हणूनच अनेक भागांत शेतकरी ती फोडून शेतात पसरतात. (खोलातून कण वर आणण्याची ही सवय भूवैज्ञानिकांनाही उपयोगी पडली आहे. बोत्स्वानातील ज्वानेंग येथील हिऱ्यांच्या खाणीचा माग लागला तो वाळवीने कालाहारीच्या वाळूतून वर आणलेल्या खनिजकणांमुळे, असे सांगितले जाते.) चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे पोटातील विषारी द्रव्ये धरून ठेवतात, आतड्याच्या अस्तरावर थर देतात आणि मळमळ व जुलाब कमी करतात. नायजेरियातील उझाला गावची माती पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत दूरवर विकली जाते. तिची घडण त्या काळी पाश्चात्त्य औषधदुकानांत मिळणाऱ्या जुलाबावरील केओलिनयुक्त औषधासारखीच आहे, हे डोनाल्ड व्हर्मीर आणि रे फेरेल यांनी १९८५ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले. टांझानियातील महाले पर्वतातील चिंपांझीही वारुळाची माती खातात आणि त्यांचे पोट बिघडलेले असताना संशोधकांनी ते विशेष टिपले आहे. पहिल्या तिमाहीत काहीच पोटात ठरत नसलेल्या बाईला चिमूटभर चिकणमातीने बरे वाटत असेल, तर तिच्या अनुभवाला खोटे ठरवण्याचे कारण नाही.

अडचण पुढे आहे. ही माती 'रक्त वाढवते' असा समज सर्वदूर आहे. मातीचा रंग लाल, रक्ताचा रंग लाल, तेव्हा तो स्वाभाविकही आहे. मातीत लोह असतेच, पण त्यातील बहुतांश गंजाच्या रूपात असते आणि शरीराला ते फारसे घेता येत नाही. उलट जी चिकणमाती विषारी द्रव्ये धरून ठेवते तीच अन्नातील लोहही धरून ठेवू शकते. पाहणीमागून पाहणीत माती खाणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय अधिक आढळला आहे. मातीमुळे रक्तक्षय होतो की रक्तक्षयामुळे माती खावीशी वाटते, हे कोडे पुरते उलगडलेले नाही. बहुधा दोन्ही खरे असून एक दुसऱ्याला बळ देत असावे. त्यात जंतांची भर पडते. केनियातील शाळकरी मुलांच्या अभ्यासात माती खाणाऱ्यांना जंतांची लागण पुन्हा होण्याचा धोका अधिक असल्याचे दिसले. शिसे हा तिसरा धोका. नायजेरियातून परदेशांतील आफ्रिकी वस्त्यांत जाणारी 'न्झू' नावाची पांढरी माती वारुळाची नसते, पण ती खाण्यामागची भावना तीच. तिच्यात शिसे आणि आर्सेनिक सापडल्याने ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने गर्भवतींना ती टाळण्याचा इशारा दिला. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूला इजा करते. वारूळ तरी कोणत्या जमिनीवर उभे आहे, हे बाजारात गोळा विकत घेणाऱ्या बाईला कसे कळावे?

आणि एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी. माती पोटात घेणे एक आणि उघड्या जखमेवर किंवा नवजात बाळाच्या नाळेवर लावणे दुसरे. कोणत्याही कच्च्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. नाळेवर माती, शेण, राख लावण्याच्या प्रथांनी आफ्रिकेत आणि आपल्याकडेही असंख्य अर्भके दगावली आहेत. चरकसंहितेत ऊरुस्तंभावरील लेपात वारुळाची माती सांगितली आहे, पण तो लेप अखंड त्वचेवरचा आहे, हे 'आमच्याकडेही होतेच की' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत काहीतरी द्रव्य किंवा यंत्रणा होती. पण पारंपरिक वैद्यकात किड्याचे काम नेहमी तेवढेच नसते. मध्य आफ्रिकेतील अझांदे लोकांमध्ये १९२०च्या दशकात राहून मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी जो ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध केला, त्यात वाळवीच्या कौलाचे वर्णन आहे. घरात कोणी आजारी पडले की दोन वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या वारुळात खोचायच्या, वाळवीला प्रश्न विचारायचा आणि सकाळी येऊन कोणती फांदी खाल्ली गेली ते पाहायचे. कोंबडीला विष पाजून लावायचा कौल याहून प्रतिष्ठेचा, पण त्याला कोंबडी लागते. वाळवीला काहीच द्यावे लागत नाही, त्यामुळे गरिबालाही तिला विचारता येते.

याच ग्रंथात धान्याच्या कोठाराची प्रसिद्ध हकिकत आहे. लाकडी खांबांवर उभारलेल्या कोठाराच्या सावलीत माणसे बसतात आणि एखादे दिवशी कोठार त्यांच्या अंगावर कोसळते. वाळवीने खांब पोखरले होते, हे अझांदे माणसाला ठाऊक असते. त्यासाठी त्याला कोणी शहाण्याने सांगावे लागत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो : नेमकी हीच माणसे खाली बसलेली असतानाच ते का कोसळले? आजाराविषयीही तो असेच दोन प्रश्न विचारतो. 'कशाने झाला' याचे उत्तर दवाखान्यात मिळते. 'मलाच का झाला' याचे मिळत नाही. वैद्याकडे जाणाऱ्या अनेकांना औषधाइतकीच या दुसऱ्या उत्तराची गरज असते, आणि हे समजून घेतल्याशिवाय शिकलीसवरली माणसेही दोन्ही दारे का ठोठावतात, ते कळत नाही.

साम्यावर आधारलेले उपचार या दोन टोकांच्या मध्ये येतात. बोटाएवढी लांब, फुगलेली, दिवसाला हजारो अंडी घालणारी वाळवीची राणी खाल्ल्याने प्रजननशक्ती येते, असे अनेक समाजांत मानतात. ती चरबी आणि प्रथिने यांनी भरलेली असते, एवढे खरे. बाकी सारे तिच्या अंड्यांकडे पाहून सुचलेले आहे. पूर्व आफ्रिकेतील एक प्रथा अधिक विचित्र आहे. तळ्याच्या पृष्ठभागावर गिरक्या घेणारे छोटे भुंगेरे पकडून वयात येणाऱ्या मुली ते स्तनाग्रांवर चाववून घेतात. त्याने स्तनांची वाढ लवकर होते असा समज आहे. रूथ कुटालेक आणि अफेवर्क कासा यांनी २००५ साली या प्रथेवर सविस्तर लिहिले. यातली मौज अशी, की पाणभुंगेऱ्यांच्या दुसऱ्या एका कुळातील किडे खरोखरच पृष्ठवंशी प्राण्यांच्या संप्रेरकांसारखी स्टेरॉइडे बनवतात. गिळणाऱ्या माशाने आपल्याला ओकून टाकावे, हा त्यांचा हेतू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान शिल्डक्नेख्ट यांनी १९६०च्या दशकात हे शोधून काढले. असे काही वाचले की 'पाहा, पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. किड्यात संप्रेरकसदृश द्रव्य असणे आणि एका चाव्याने मुलीची वाढ होणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते कोणी पार केल्याचा पुरावा नाही. वयात येणाऱ्या मुलीची वाढ चाव्याशिवायही होतच असते.

विषाच्या बाबतीत मात्र परंपरेचे निरीक्षण अचूक ठरते. आपल्याकडे बाजरीच्या कणसांवर येणारे हिंगे ज्या कुळातले, त्याच कुळातील फोड आणणारे भुंगेरे आफ्रिकेत सर्वत्र आहेत. त्यांच्या रक्तातील कँथरिडिन त्वचेला लागले की टपोरे फोड येतात. पोटात गेले तर मूत्रमार्ग जळतो, मूत्रपिंडे निकामी होतात आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. मूत्रमार्गाच्या याच दाहाला कामोत्तेजना समजून उत्तर आफ्रिकेपासून युरोपपर्यंत शतकानुशतके हे भुंगेरे वाळवून खाल्ले गेले. मोरोक्कोतील 'रास अल हनूत' या मसाल्यातही ते घालत. १९९०च्या दशकात तेथे त्यांच्या विक्रीवर बंदी आली. एका फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८९३ साली अल्जीरियातील सैनिकांची हकिकत लिहून ठेवली आहे. बेडूक खाल्ल्यानंतर त्यांना तासन्तास न शमणारी वेदनामय उत्तेजना जाणवली आणि बेडकांच्या पोटात हे भुंगेरे निघाले. कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस आइस्नर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली बेडकांना असे भुंगेरे चारून पाहिले, तेव्हा कँथरिडिन त्यांच्या शरीरात खरोखरच साठून राहिल्याचे आढळले. हेच द्रव्य मोजून-मापून, फक्त त्वचेवर आणि फक्त डॉक्टरच्या हातून लावायचे औषध म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली मान्य केले. मुलांच्या अंगावर विषाणूमुळे येणाऱ्या मोत्यासारख्या पुळ्यांवर ते वापरतात. विष आणि औषध यांतले अंतर मात्रेचे असते आणि पारंपरिक बटव्यात नेमके मापच नसते. कालाहारीतील सान शिकारी दुसऱ्या एका भुंगेऱ्याची अळी पिळून बाणाला लावतात. ते विष बाणाच्या टोकाला मात्र लावत नाहीत, टोकामागच्या भागाला लावतात. चुकून टोक खुपले तरी आपला जीव वाचावा, एवढा हिशेब त्यात आहे.

अलीकडे प्रयोगशाळांचे लक्ष किड्यांवरून त्यांच्या सोबत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे वळले आहे. केनियातील काटेरी बाभळींच्या पोकळ गाठींत राहणाऱ्या एका जातीच्या मुंग्यांवर सापडलेल्या जिवाणूपासून ब्रिटिश संशोधकांनी २०१७ साली 'फॉर्मिकामायसिन' ही संयुगे वेगळी केली. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंना ती प्रयोगशाळेत मारतात. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील वाळवीच्या सोबती जिवाणूपासून 'मॅक्रोटर्मायसिन' मिळाले. यांतले काहीही अद्याप औषधाच्या दुकानात आलेले नाही. हे शोध कोणा वैद्याने सांगितलेल्या नुस्ख्यावरून लागले नाहीत, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. तरीही प्रश्न उरतो तो मालकीचा. सान लोक भूक मारण्यासाठी चघळत असलेल्या हूडिया वनस्पतीचे पेटंट दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने त्यांना न विचारता घेतले. गाजावाजा झाल्यावर २००३ साली लाभात वाटा देण्याचा करार करावा लागला. जैविक संपत्तीच्या लाभवाटपाचा नागोया करार २०१४ पासून अमलात आहे. पण एखाद्या मुंगीवर बसलेल्या जिवाणूचा लाभ नेमका कोणत्या गावाला द्यायचा, याचे सोपे उत्तर त्यात नाही.

मधाविषयी शेवटी लिहितो आहे, कारण या साऱ्या यादीत सर्वांत भक्कम पुरावा त्याच्या बाजूने आहे. आफ्रिकेच्याच भूमीवर, इजिप्तमध्ये, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये जखमेवर चरबी, मध आणि सुताचा बोळा बांधण्यास सांगितले आहे. मधातील साखर जंतूंचे पाणी शोषून घेते, त्याची आम्लता त्यांना सोसत नाही, आणि त्यातील एक विकर संथपणे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत राहते. निर्जंतुक केलेला मध अमेरिकेत २००७ पासून जखमांवर वापरण्यास मान्य आहे. वर्षाआतील बाळाला मात्र मध चाटवू नये. त्यातील बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो, आणि ही सूचना बारशाला मधाचे बोट चाटवणाऱ्या आपल्या आज्यांसाठीही आहे.

इथिओपियात या मधाचा एक वेगळा प्रकार आहे. 'ताझ्मा मार' हा नांगी नसलेल्या, जमिनीखाली घरटे करणाऱ्या मधमाश्यांचा मध होय. तो पातळ आणि आंबटसर असतो आणि तेथे औषध म्हणूनच ओळखला जातो. खोकला, घशाची सूज, पोटदुखी यांसाठी तो चमच्याने घेतात आणि साध्या मधापेक्षा तो कितीतरी महाग विकला जातो. बाहेरून दिसते ते जमिनीतले एक बारीक भोक. त्यातून ये-जा करणाऱ्या माश्या हेरून माणसे खाली खणत जातात, आणि मध हाती येतो तेव्हा बहुधा घरटे मोडलेले असते. किंमत वाढते तसे खणणे वाढते. या माश्यांना पेट्यांत वाढवता येईल का, याचे प्रयोग इथिओपियातील मधमाशी संशोधकांनी हाती घेतले आहेत.